चिखल कुठे आहे?

आमच्या पिढीतील वाचकाला त्याच्या लहानपणच्या वाचनाविषयी विचारले, की उत्तर साधारण ठरलेले असते. आधी ‘चांदोबा’, मग साने गुरुजी, शाळेच्या अखेरीस खांडेकर-फडके आणि महाविद्यालयात पाऊल ठेवल्यावर मर्ढेकर व जी. ए. त्यांतले जी. ए. तर आमच्याच बेळगावच्या मुलखातले. त्यांचे नाव घेताना आवाजही जरा खाली येतो. हा राजरस्ता खराच आहे. पण त्याला लागून एक अरुंद गल्ली होती, आणि दुपारच्या वेळी, घरातली वडील मंडळी आडवी झालेली असताना, आमच्यापैकी बरेच जण त्या गल्लीत असत. ती गल्ली इंग्रजी चित्रकथांची. साहित्यविषयक बोलण्यात तिचा उल्लेख करण्याची आपल्याकडे रीत नाही. ‘लहानपणी वाचल्या आणि सोडून दिल्या’ एवढ्या एका वाक्यात ते प्रकरण निकालात निघते.

सेवानिवृत्तीनंतरच्या सवडीत मी ते प्रकरण पुन्हा उघडले. गेली दोन वर्षे जुन्या युद्धकथा आणि ‘तलवार व चेटूक’ या जातीच्या साहसकथा मी एकामागून एक वाचतो आहे. काही माझ्याच पत्र्याच्या ट्रंकेत जपून राहिलेल्या, काही मुलाने पुण्याहून पाठवलेल्या नव्या संग्रहांतल्या. या वाचनाने आनंद दिलाच. पण फार पूर्वी विचारल्या गेलेल्या एका प्रश्नापाशीही आणून सोडले. त्या प्रश्नाकडे वळण्याआधी ही पुस्तके आमच्या हाती कशी पडत, ते सांगायला हवे.

बेळगावला कॅम्प आहे आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्रही आहे. कॅम्पातल्या बंगल्यांत राहणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांच्या बदल्या होत, तेव्हा सामानाबरोबर न जाणारे बरेच काही रद्दीवाल्याकडे येई. त्यात ही पुस्तके असत. रद्दीवाला ती किलोने घेई आणि आम्हाला नगाने विकी. ज्याच्याकडे विकत घेण्याइतके पैसे नसत, त्याच्यासाठी खडेबाजारात दहा पैसे रोज भाड्याने पुस्तके देणारे एक दुकान होते. १९६४ साली सुरू झालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ला घरात निदान सहन केले जाई, कारण वेताळ आणि मँड्रेक यांच्या नावांत ओळखीचे काहीतरी होते. बंदुका रोखलेल्या आणि उघड्या अंगाने तलवार परजणाऱ्या पुरुषांच्या चित्रांना मात्र भूगोलाच्या पुस्तकाचा आडोसा लागे. रंगीत अमेरिकन अंक माझे मामा मुंबईहून, फ्लोरा फाउंटनजवळच्या पदपथावरून, आणीत. भाच्याचे इंग्रजी सुधारावे हा त्यांचा हेतू. इंग्रजी किती सुधारले ते सांगता येत नाही. पण मराठी शाळेतल्या आमच्या टोळीला ‘आख्तुंग’, ‘हेंडे होख’ आणि ‘श्नेल’ हे जर्मन शब्द इंग्रजी क्रियापदे पाठ होण्याआधी येत होते.

युद्धकथांमध्ये सर्वांत जास्त खप ‘कमांडो’चा. स्कॉटलंडमधील डंडी या गावच्या डी. सी. थॉमसन या प्रकाशनसंस्थेने १९६१ साली ही मालिका काढली. शाळेच्या वहीच्या जवळपास निम्मा आकार, साठ-पासष्ट पाने, पानावर दोन किंवा तीन चौकटी, आत सारे काळे-पांढरे आणि मुखपृष्ठ मात्र भडक रंगीत. नावाशेजारी कमांडो सैनिकांचा तो प्रसिद्ध खंजीर. त्याआधी १९५८ पासून लंडनच्या फ्लीटवे प्रकाशनाची ‘वॉर पिक्चर लायब्ररी’ निघत होतीच. ‘कमांडो’ आजही निघते आणि तिच्या अंकांच्या संख्येने पाच हजारांचा आकडा कधीच ओलांडला आहे. एखाद्या मासिकाची पंचविशी साजरी करताना आपली दमछाक होते, हे लक्षात घेतले म्हणजे या टिकाऊपणाचे मोल कळते.

पुनर्वाचनात पहिला धक्का बसला तो चित्रांचा. लहानपणी आम्ही चित्रे पाहत नव्हतो, गोष्ट गिळत होतो. आज पाहतो तेव्हा त्या स्वस्त, खरखरीत कागदावर केलेले काम थक्क करते. धुके, खडक, पावसाने निथळणारे हेल्मेट हे सारे केवळ शाईच्या कमी-अधिक दाटपणावर उभे केलेले. फ्लीटवेसाठी चित्रे काढणाऱ्यांत ह्यूगो प्राट होता, हे तर मला आता कळले. पुढे ‘कोर्टो माल्टेझे’ या नाविकाच्या चित्रकथांनी जगभर नाव मिळवणारा हा इटालियन कलावंत. त्याचे बालपण इटलीच्या ताब्यातील इथिओपियात गेले. वडील तिथे इंग्रजांचे युद्धकैदी झाले आणि १९४२ साली कैदेतच वारले. अशा माणसाने नंतर ब्रिटिश शौर्याच्या गोष्टी चितारून पोट भरावे, हा योग विलक्षण आहे. त्याने काढलेले जर्मन आणि इटालियन सैनिक थकलेले, दाढी वाढलेले, माणसांसारखे दिसतात. कारण माहीत झाल्यावर ते चेहरे मी पुन्हा पाहिले.

गोष्टींचे साचे मात्र मोजकेच. भित्रा ठरलेला तरुण शेवटच्या चार पानांत शूर ठरतो. दोघांचे जुने वैर युद्धभर चालते आणि एकमेकांना वाचवताना संपते. आपलाच अधिकारी फितूर निघतो. शत्रूपैकी जर्मनांना थोडीफार इज्जत मिळते. कधीमधी एखादा सज्जन जर्मनही भेटतो. जपानी सैनिकांच्या वाट्याला ती फारशी येत नाही. दात, चष्मा आणि क्रौर्य एवढ्यांत त्यांचे चित्र आटोपते. हे सारे मी बाराव्या वर्षी कोणताही प्रश्न न विचारता स्वीकारले. त्या वयात कोणी विचारावेत असे ते प्रश्न नव्हतेच. पण एक प्रश्न विचारला गेला, आणि तो विचारला माझ्या थोरल्या काकांनी.

थोरले काका दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. १९४१ साली भरती झाले, इटलीत लढले, १९४६ साली परतले. हवालदाराच्या पेन्शनीवर आणि गावाकडच्या थोड्या शेतीवर त्यांनी उरलेले आयुष्य काढले. युद्धाविषयी ते बोलत नसत. पदके सुपारीच्या डब्यात असत आणि तो डबा दसऱ्याला शस्त्रपूजेच्या वेळी तेवढा बाहेर येई. एके दुपारी मी ओसरीवर इटलीतल्या लढाईची ‘कमांडो’ वाचत होतो. नदी, पूल, टेकडीवरची मशीनगन, सारे ठरलेले. काकांनी हात पुढे केला. मला वाटले, आता पुस्तक जाणार. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एकही पान न गाळता, सावकाश चित्रे पाहिली. इंग्रजी त्यांना फारसे वाचता येत नसे. पाहून झाल्यावर पुस्तक माझ्याकडे परत देत म्हणाले, “बाळ, सगळं आहे रे यात. पण चिखल कुठे आहे?”

मी एक पान उघडून नदीकाठचा काळा भाग दाखवला. त्यांनी मान हलवली आणि गोठ्याकडे निघून गेले.

पुढे एकदा, मी जर्मन शब्दांची फुशारकी मारीत असताना, त्यांनी त्यांना येणारे तीन इटालियन शब्द सांगितले. ‘पाने’ म्हणजे पाव, ‘आक्वा’ म्हणजे पाणी आणि ‘बांबिनो’ म्हणजे लेकरू. मला शत्रूचे हुकूम येत होते. त्यांना भाकरीचा, पाण्याचा आणि लेकराचा शब्द येत होता. युद्ध वाचलेल्या आणि युद्ध पाहिलेल्या माणसांत किती अंतर असते, हे मला पुढच्या साऱ्या वाचनाने शिकवले नाही तेवढे या तीन शब्दांनी शिकवले.

काकांसारख्या माणसांना त्या चित्रकथांत जागाच नव्हती. मी वाचलेल्या अंकांत क्वचित एखादा गुरखा कुकरी घेऊन चमकून जाई. मराठा, गढवाली, पंजाबी शिपाई जवळजवळ नसतच. वस्तुस्थिती अशी की दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य पंचवीस लाखांपर्यंत वाढले होते आणि ते सारे स्वखुशीने भरती झालेले होते. इटलीत चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन हिंदी डिव्हिजन लढल्या. तेथील मोहिमेत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ हिंदी सैन्याकडे आले, आणि त्यांतले दोन आपल्या मराठा पलटणीचे. नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीतील जवळजवळ सर्व जण पडल्यावर, एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर धाव घेतली. बॉम्ब फेकला, गोळ्या संपल्या तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने शेवटच्या दोघांना लोळवले, आणि लगेच शत्रूच्या गोळ्यांनी ते स्वतः पडले. वय २२. शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या जमिनीवरून मागे आणून ठेवले आणि मग परत जाऊन मशीनगनची ठाणी उद्ध्वस्त केली.

घाडगे यांची हकिगत वाचताना जाणवते, की ही हुबेहूब ‘कमांडो’ची गोष्ट आहे. नदी, टेकडी, मशीनगन, एकटा वीर. फरक शेवटच्या पानाचा. चित्रकथेतला नायक शेवटच्या चौकटीत मित्राच्या खांद्यावर हात टाकून हसतो. घाडगे यांचे नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे. ज्यांची थडगी सापडत नाहीत त्यांची नावे तिथे कोरतात. काकांनी विचारलेला चिखल तो हा असावा, असे मला आता वाटते. चित्रातला काळा भाग कितीही दाट केला तरी जो त्यात येत नाही, तो.

मग मी हा प्रश्न हाती धरूनच वाचू लागलो. ज्या चित्रकथेत चिखल आहे ती एका बाजूला, ज्यात नाही ती दुसऱ्या बाजूला. अशी वर्गवारी केल्यावर लक्षात आले, की चिखल काढणारेही होते. ते आमच्या गल्लीपर्यंत पोहोचले नव्हते एवढेच. अमेरिकेत हार्वी कर्ट्झमन याने १९५० आणि १९५१ साली ‘टू-फिस्टेड टेल्स’ आणि ‘फ्रंटलाइन कॉम्बॅट’ ही दोन नियतकालिके संपादित करायला घेतली, तेव्हा कोरियाचे युद्ध चालू होते. त्याच्या एका कथेत इमजिन नदीकाठी बसून शिधा खाणारा अमेरिकन सैनिक पाण्यावरून वाहत जाणारे एक प्रेत पाहतो. थोड्याच वेळात त्याच्यावर एक शत्रुसैनिक झडप घालतो. हातघाईत हा त्याला पाण्याखाली दाबून ठेवतो, तो मरेपर्यंत. मग तेही प्रेत वाहू लागते. गोष्ट एवढीच. कोणी जिंकल्याचा भाव कुठेही नाही. भर युद्धात, स्वतःच्या देशातील मुलांसाठी, दहा सेंटांच्या अंकात हे छापायला धैर्य लागते.

१९६५-६६ मध्ये आर्ची गुडविन याने ‘ब्लेझिंग कॉम्बॅट’मधून व्हिएतनामविषयी असेच धैर्य दाखवले. त्यातील एका कथेचा नायक सैनिक नाहीच. आपल्या भाताच्या शेतावर जीव असलेला एक म्हातारा शेतकरी आहे, आणि दोन सैन्यांच्या मध्ये त्याचे शेतही जाते, तोही जातो. विक्रेत्यांनी आणि लष्करी दुकानांनी त्या नियतकालिकाकडे पाठ फिरवली. चार अंकांत ते बंद पडले. महसूल खात्यात उभी हयात शेत, बांध आणि सातबारा पाहण्यात घालवलेल्या माझ्यासारख्याला ती गोष्ट विसरणे शक्य नाही.

‘सार्जंट रॉक’ मात्र आमच्या लहानपणी मिळत असे. रॉबर्ट कॅनिगर लेखक, ज्यो क्यूबर्ट चित्रकार. १९५९ सालची ही निर्मिती. दगडात कोरल्यासारखा तो चेहरा आम्हाला फार आवडे. आमच्या नजरेतून सुटलेली एक गोष्ट आता दिसली. क्यूबर्ट स्वतः संपादक झाल्यावर, १९७० नंतरच्या काळात, कथांच्या शेवटी एक लहानसे गोल चिन्ह छापले जाऊ लागले. पुन्हा युद्ध करू नका, असे विनवणारे. युद्धाच्या गोष्टी विकून पोट भरणाऱ्याने प्रत्येक गोष्टीखाली असा शिक्का मारावा, यात ढोंग आहे असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. क्यूबर्ट १९२६ साली पोलंडमधील ज्यू कुटुंबात जन्मला आणि तान्हेपणीच अमेरिकेत आणला गेला. आईवडील तिथेच राहिले असते तर आपले काय झाले असते, हा विचार त्याने उतारवयात, २००३ साली, ‘योसेल’ या चित्रकादंबरीत मांडला. ती वॉर्सा येथील ज्यूंच्या उठावाची गोष्ट आहे. शाई न भरता, पेन्सिलीच्या कच्च्या रेघांतच त्याने ती राहू दिली.

पण चिखलाची खरी चित्रकथा कोणती असे मला विचारले, तर मी ‘चार्लीज वॉर’चे नाव घेईन. ‘बॅटल’ या ब्रिटिश साप्ताहिकात ती जानेवारी १९७९ पासून येऊ लागली. लेखक पॅट मिल्स, चित्रकार ज्यो कोलहून. चार्ली बोर्न हा लंडनचा सोळा वर्षांचा मुलगा वय चोरून सैन्यात भरती होतो आणि १९१६ च्या सोमच्या लढाईत जाऊन पडतो. त्याची घरी लिहिलेली पत्रे शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेली आहेत आणि त्या चुकांमुळेच ती खरी वाटतात. जिवलग मित्र तोफगोळ्याने मरतो तेव्हा त्याचे जे काही उरले ते चार्ली पोत्यात गोळा करतो. आपल्याच लेफ्टनंटला गोळ्या घालण्याचा हुकूम होतो तेव्हा तो बंदूक उचलायला नकार देतो आणि शिक्षा भोगतो. कोलहूनच्या चित्रांत चिखल पायाखाली नसतो. तो कपड्यांवर, चेहऱ्यांवर, हातातल्या पावावर असतो. हे पाहायला काका हवे होते. ते १९८८ साली गेले. हे पुस्तक माझ्या हाती आले ते त्यानंतर पुष्कळ वर्षांनी.

आता दुसऱ्या ट्रंकेविषयी, म्हणजे तलवारीच्या आणि चेटकाच्या कथांविषयी. या जातीला हे नाव १९६१ साली फ्रिट्झ लायबर या लेखकाने दिले. कथा मात्र त्याच्या आधीपासूनच्या. टेक्सासमधील क्रॉस प्लेन्स या आडगावी राहणाऱ्या रॉबर्ट हॉवर्डने १९३२ च्या अखेरीस ‘वीअर्ड टेल्स’ मासिकात कोनन नावाचा रानटी योद्धा पहिल्यांदा आणला. चारेक वर्षे त्याने या योद्ध्याच्या कथा लिहिल्या. जून १९३६ मध्ये, आई आता शुद्धीवर येणार नाही असे कळल्यावर, वयाच्या तिसाव्या वर्षी त्याने आयुष्य संपवले. पुढे १९७० साली मार्व्हल कॉमिक्सने रॉय थॉमसच्या लेखणीतून आणि बॅरी स्मिथ या एकवीस वर्षांच्या इंग्रज तरुणाच्या कुंचल्यातून कोननला चित्रकथेत आणले. मुळात जॉन ब्युसेमा हा चित्रकार हवा होता, पण त्याचे मानधन परवडेना, म्हणून नवख्या स्मिथला संधी मिळाली. दोनेक वर्षांत स्मिथची रेघ अशी फुलली, की त्याच्या चित्रांतले पडदे, दागिने आणि महिरपी पाहत बसावे. १९७३ मध्ये तो गेला आणि ब्युसेमा आला. त्याचा कोनन अंगाने अधिक भरदार, चालीने वाघासारखा.

आमच्या मराठी घरांत ही जात अगदी परकी होती असेही नाही. आजोबांच्या कपाटात नाथमाधवांचा ‘वीरधवल’ होताच. भुयारे, कपटी मंत्री, तलवारबाजी हे सारे त्यात मिळाले होते. पुढे जी. एं.च्या ‘रमलखुणा’मधली ‘इस्किलार’ वाचली तेव्हा त्या कुठल्याच नकाशावर नसलेल्या राज्यात मला बिचकायला झाले नाही. दोन्हींची जातकुळी अगदी वेगळी, हे मला समजते. पण नकाशाबाहेरच्या प्रदेशात पाऊल टाकण्याची सवय मला आधीच लागलेली होती.

कोननच्या जगात एक देश आमचाही आहे, हे मात्र त्या वयात ध्यानी आले नव्हते. हॉवर्डच्या १९३४ च्या एका दीर्घकथेत ‘वेंढ्या’ नावाचे राज्य येते. विंध्य हा शब्द त्यातून सरळ डोकावतो. त्याची राणी ‘देवी’ यास्मिना, उत्तरेला ‘हिमेलियन’ पर्वत, सीमेवर ‘पेशखौरी’ नावाचे गाव. थॉमस आणि ब्युसेमा यांनी १९७०च्या दशकात तिची चित्रकथा केली, आणि तिच्यावर शाईकाम केले फिलिपाइन्सच्या आल्फ्रेडो अल्काला याने. कधीही हिंदुस्थान न पाहिलेल्या टेक्सासच्या तरुणाने वाचीव माहितीवर रचलेला हिंदुस्थान, न्यूयॉर्कच्या कचेरीतून, मनिलाच्या कलावंताच्या हातून, मुंबईच्या पदपथामार्गे बेळगावच्या ओसरीवर आला होता, आणि मी त्याला ओळखले नव्हते! त्यातले सावळे पुरोहित, घातकी दरबारी आणि जादूने भारलेले डोंगर पाहून आज थोडे हसू येते, थोडा रागही येतो. पूर्वेकडचे म्हणजे गूढ आणि कपटी, हा त्या काळचा ठसा तिथे स्पष्ट आहे. स्त्रियांची चित्रे तर नातीसमोर उघडण्याजोगी नाहीत.

आणि तरीही, दोन ट्रंकांची तुलना केल्यावर माझे मत उलटेच झाले. रक्त कोननच्या कथांत जास्त आहे. पण अपायकारक म्हणावे असे युद्धकथांत जास्त आहे. कोननची गोष्ट आरंभीच सांगून टाकते, की हे कधी घडले नाही. सर्पाचे तोंड असलेला राक्षस मारला, आता टाळी द्या आणि झोपा. शिवाय त्या कथांच्या तळाशी एक उदासपणा आहे. नगरे पडतात, राज्ये बुडतात, आणि कोनन राजा झाल्यावर मुकुटाला कंटाळलेला दिसतो. याउलट युद्धकथा आपण खऱ्या असल्याचा आव आणतात. तारीख खरी, नदी खरी, विमानाचा पंखा न् पंखा खरा. फक्त माणूस कसा मरतो आणि त्याच्यामागे काय उरते, तेवढे गाळलेले. खोटे म्हणून सांगितलेले खोटे पचते. खऱ्याच्या पोशाखात आलेले अर्धे खरे अंगात राहते.

गाळलेले ते काय असते, हे मला नोकरीत पाहायला मिळाले. माजी सैनिकांना आणि त्यांच्या वारसांना जमीन देण्याची प्रकरणे आमच्या टेबलावर येत. एकदा एक वृद्ध बाई आल्या. नवरा लढाईत गेलेला, अर्ज अनेक वर्षांचा, कागद घडीवर फाटलेले. मी अर्जावर त्यांचा अंगठा घेत असताना त्यांनी विचारले, “साहेब, जमीन माझ्या नावावर झाली, तर त्यांचं नाव कागदावरनं जाईल का?” नियमाप्रमाणे वारसाची नोंद होते आणि मयताचे नाव कमी होते. मी ते समजावून सांगितले. त्यांनी अंगठा दिला, पण लगेच उठल्या नाहीत. ‘कमांडो’च्या शेवटच्या चौकटीनंतर एखादे पान असते, तर ते या बाईंचे असते.

आपल्या परंपरेला हे पान माहीत होते. महाभारतकारांनी अठरा दिवसांचे युद्ध संपवले आणि लगेच पूर्ण स्त्रीपर्व दिले. गांधारी रणभूमीवर हिंडते, एकेक प्रेत ओळखते, एकेकीचा शोक सांगते. जिंकलेल्यांनाही त्यानंतर सुख लागत नाही. युधिष्ठिराला राज्य नको होते. वीरांचे वर्णन करताना व्यासांनी हात आखडता घेतला नाही, आणि चिखल दाखवतानाही घेतला नाही. एकाच ग्रंथात दोन्ही असावे, हा त्यांचा वाचकावरचा विश्वास. आपल्या घरांतून कीर्तनात आणि पोवाड्यात पहिला भाग रंगवून सांगितला जातो. दुसरा ऐकायला मुले थांबलेली नसतात.

म्हणून या चित्रकथा टाकून द्याव्यात, असे मला वाटत नाही. त्यांनी मला परकी भाषा दिली, नकाशे दिले, रेघेकडे पाहण्याची दृष्टी उशिरा का होईना दिली, आणि मित्रासाठी जीव धोक्यात घालणे ही चांगली गोष्ट आहे, हा संस्कारही दिला. तो संस्कार साध्या कागदावर आला म्हणून हलका ठरत नाही. वीररसाची भूक खरी असते. ती भागवणारे काही मिळाले नाही, तर मुले ती दुसरीकडे भागवतात, आणि आजच्या पडद्यांवर जे मिळते त्यापुढे ‘कमांडो’ फारच सभ्य.

माझा नातू आता अकरा वर्षांचा आहे. या दिवाळीत तो आला की दोन्ही ट्रंका त्याच्यासमोर उघडायच्या, असे मी ठरवले आहे. काही अंक काढून ठेवीन; तेवढा अधिकार आजोबाला असावा. ‘कमांडो’च्या गठ्ठ्यातच ‘चार्लीज वॉर’ही ठेवीन, वेगळी करून नाही, कारण वेगळी ठेवलेली पुस्तके मुले वाचत नाहीत. कोणती आधी वाच, हे सांगणार नाही. सुपारीचा डबा आता माझ्याकडे आहे. पदकांविषयी त्याने विचारले, तर काकांचे तीन इटालियन शब्द त्याला सांगेन. आणि एवढेच म्हणेन, की पान उलटण्याआधी नायकावरून नजर काढून चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात पाहत जा. तिथे कोणीतरी पडलेला असतो. त्यालाही गाव असते.